कोकण अजून आलं नव्हतं

जुलैत भंडारदऱ्याला डोंगर दिसत नाहीत. कळसूबाई, रतनगड, अलंग-मदन-कुलंग सगळे जागच्या जागी असतात, पण ढगाच्या आत. घाटघरच्या कड्यावर उभं राहिलं तर पुढे फक्त पांढरं दिसतं. पाऊल पुढे टाकलं तर दोन हजार फूट खाली कोकण आहे, हे ठाऊक असलेलाच माणूस तिथे थांबतो. अकोले तालुक्याच्या या डांगाणी मुलखात पाऊस पाच हजार मिलिमीटरच्या घरात पडतो आणि चाळीस-पन्नास किलोमीटर पूर्वेला, संगमनेरकडे, तोच पाऊस पाचशेला टेकताना दमतो. या तफावतीवरच इंग्रजांनी प्रवरेला बांध घातला. १९१०च्या सुमारास सुरू झालेलं विल्सन धरण १९२६ साली पुरं झालं आणि घाटमाथ्याचं पाणी खालच्या तालुक्यांतल्या उसाला मिळू लागलं.

संगमनेरहून राजूरमार्गे भंडारदऱ्याला जाताना आपण डोंगर चढतोय असं फारसं वाटत नाही. रस्ता हळूहळू वर येतो, शेतं सपाट असतात, मध्येच एखादी टेकडी. पठार असं चढत चढत येतं आणि एका रेषेवर एकदम संपतं. कोकणातून पाहणाऱ्याला सह्याद्री प्रचंड दिसतो. देशावरून येणाऱ्याला मात्र तो उंबरठ्यासारखा आहे, पाय अडखळेपर्यंत लक्षात न येणारा. पुढे जे घडलं ते कळायला डोंगराची ही एकतर्फी ठेवण डोळ्यांपुढे असावी लागते.

भंडारदऱ्यापासून दक्षिणेला हाच घाटमाथा हरिश्चंद्रगड, माळशेज, नाणेघाट असा सरकत जातो. सरळ रेषेत तीस-पस्तीस किलोमीटरवर जुन्नर तालुक्याचे डोंगर लागतात. त्यांतल्या एका डोंगराचं नाव चौकशीच्या कागदांत ‘दावंड्याची’ टेकडी असं आलं आहे. उंची सुमारे ३६०० फूट. कळसूबाईच्या ५४०० फुटांपुढे किंवा हरिश्चंद्रगडाच्या साडेचार हजारांहून अधिक फुटांपुढे ही उंची किरकोळच. ट्रेकिंगवाल्यांच्या यादीतही तिला मानाची जागा नसावी. ७ जुलै १९६२ रोजी, मध्यरात्र उलटून दहा मिनिटं झाली असताना, या टेकडीवर इटलीच्या अलितालिया कंपनीचं जेट विमान आदळलं. आतले ८५ प्रवासी आणि ९ कर्मचारी, एकूण ९४ जण, ठार झाले. कोणीही वाचलं नाही.

विमान होतं डग्लस डीसी-८, नोंदणी आय-डीआयडब्ल्यूडी. रोल्स-रॉइसची चार कॉनवे इंजिनं लावलेलं. उड्डाणाचा क्रमांक ७७१. सिडनीहून निघून डार्विन, बँकॉक, मुंबई, कराची, तेहरान असे टप्पे घेत रोमला जायचं, असा त्याचा लांबलचक मार्ग. दुसऱ्या महायुद्धानंतर हजारो इटालियन कुटुंबं ऑस्ट्रेलियात जाऊन वसली होती. वर्षानुवर्षं ती माणसं बोटीने जात-येत. जेट आलं आणि महिन्याचा प्रवास दोन दिवसांवर आला. मुंबईलाही या बदलाची चटक लागली होती. एअर इंडियाकडे १९६० सालीच बोइंग ७०७ आलं होतं आणि १९६२च्या जूनमध्ये, म्हणजे या अपघाताच्या जेमतेम महिनाभर आधी, आपला सगळा ताफा जेट झाल्याचं कंपनीने अभिमानाने जाहीर केलं होतं. सांताक्रूझचा विमानतळ तेव्हा पूर्व-पश्चिम प्रवासातला मोठा थांबा होता. टोकियो, हाँगकाँग, सिडनीकडून येणारी आणि युरोपला जाणारी विमानं रात्री-अपरात्री इथे उतरत, इंधन भरत, पुढे जात.

बँकॉकहून ७७१ निघालं ते भारतीय वेळेप्रमाणे रात्री पावणेनऊच्या सुमारास. बंगालचा उपसागर ओलांडायचा, मग भारतीय द्वीपकल्प पूर्वेकडून पश्चिमेकडे आडवं कापायचं आणि अरबी समुद्राच्या काठावर उतरायचं. वाटेत उंच पर्वत नाही. दख्खनचं पठार आहे, तेही रात्रीचं, पावसाळी ढगांखाली दडलेलं. आषाढ नुकताच लागला होता. शुद्ध पंचमीच्या आगेमागेची रात्र, म्हणजे चंद्रकोर कधीच मावळलेली. ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पंढरपूरच्या वाटेवर होत्या आणि घाटमाथ्यावर भाताच्या आवणीचे दिवस होते. पुणे जिल्हा अजून पानशेतमधून सावरत होता. धरण फुटलेल्या त्या १२ जुलैला वर्ष पुरं व्हायला पाच दिवस उरले होते.

मुंबईच्या नियंत्रण कक्षाशी विमानाचं बोलणं व्यवस्थित चाललं होतं. घाई, घबराट, इंजिनाची तक्रार, आगीची सूचना, काहीच नव्हतं. शेवटच्या संदेशांपैकी एकात वैमानिकाने सांगितलं की तो ५००० फूट सोडून ३६०० फुटांकडे उतरतो आहे, ‘आउटर मार्कर’वर एक पूर्ण वळसा घेणार आहे आणि २७ क्रमांकाच्या धावपट्टीवर उतरणार आहे. त्यानंतर एक-दोन शब्दांची पोच आणि मग शांतता. पुन्हा पुन्हा हाका मारूनही उत्तर आलं नाही.

त्याच्या त्या एका वाक्यात अपघाताचा सगळा जमाखर्च आहे. २७ क्रमांकाची धावपट्टी म्हणजे पश्चिमेकडे तोंड करून उतरायची पट्टी. पावसाळ्यात वारा नैऋत्येचा असतो, विमानं वाऱ्याला सामोरी उतरतात, म्हणून या दिवसांत बहुतेक विमानं घाटकोपरच्या अंगाने, पूर्वेकडून येतात. आउटर मार्कर म्हणजे उतरण्याच्या रेषेवर धावपट्टीच्या चार-पाच मैल अलीकडे बसवलेला छोटा प्रक्षेपक. त्याचा झोत सरळ वर जातो. विमान बरोबर डोक्यावर आलं की वैमानिकापुढे दिवा लुकलुकतो आणि कानात आवाज येतो. तिथे ३६०० फूट उंची अगदी योग्य. किनाऱ्याच्या आसपास माथेरानसुद्धा सुमारे २६०० फुटांचं. कल्याण-ठाण्यावरून ३६०० फुटांवर विमान बिनघोर जाऊ शकतं.

पण विमान कल्याणवर नव्हतंच. मुंबई अजून ८४ किलोमीटर दूर होती. वैमानिक कोकणातली उंची घेऊन घाटमाथ्यावरून चालला होता. जुन्नरची जमीन मुळातच समुद्रापासून सव्वादोन हजार फूट वर, त्यावर हे डोंगर. ज्या ३६०० फुटांचा त्याने मुंबईला आकडा दिला, नेमका त्याच उंचीचा डोंगर वाटेत उभा होता. पठाराची कड गाठायला त्या वेगाने फारसा वेळ लागला नसता, आणि कड ओलांडल्यावर खाली मोकळी हवाच होती.

भारत सरकारच्या चौकशीने निष्कर्ष काढला तोही हाच. दिशा आणि अंतराच्या हिशेबात चूक झाली. त्यामुळे आपण प्रत्यक्षात आहोत त्याहून मुंबईच्या जवळ आहोत असं वैमानिकाला वाटलं. म्हणून त्याने रात्री, बाहेरचं काही न दिसणाऱ्या हवेत, वेळेआधी उतरायला सुरुवात केली. जोडीला आणखी तीन गोष्टी नोंदल्या गेल्या. आपलं नेमकं ठिकाण पडताळायला जी साधनं उपलब्ध होती, ती त्याने वापरली नाहीत. त्या टप्प्यासाठी ठरलेली किमान सुरक्षित उंची त्याने मोडली. आणि या मार्गावरच्या भूप्रदेशाशी त्याची ओळख नव्हती.

अशा अहवालांत दोष शेवटी वैमानिकाच्या पदरात पडतो. इथे तो चुकीचा पडला असं म्हणायला जागा नाही. तरीही मला यातलं शेवटचं कारण सगळ्यांत जड वाटतं. ओळख नव्हती ही एका माणसाची चूक कशी? त्याला त्या मार्गावर धाडणाऱ्या व्यवस्थेने त्याला काय दाखवलं होतं, काय शिकवलं होतं, हा प्रश्न त्यातून निघतो. आल्प्सच्या देशातल्या वैमानिकाच्या मनात डोंगर म्हणजे दुरून दिसणारं, बर्फाने चमकणारं, नकाशावर गडद रंगलेलं काहीतरी असणार. साडेतीन हजार फुटांची हिरवी-काळी, सपाट माथ्याची टेकडी त्याच्या हिशेबात डोंगर म्हणून बसली असेल का, याची मला शंका आहे.

दुसरी गोष्ट वेगाची. जेटआधीचं डाकोटा विमान ताशी अडीचशे-पावणेतीनशे किलोमीटरने जाई. घाटमाथा ते सांताक्रूझ हे अंतर कापायला त्याला अठरा-वीस मिनिटं लागत. घड्याळाच्या हिशेबात पाच मिनिटांची चूक झाली तर विमान वीस-बावीस किलोमीटर अलीकडे असे. डीसी-८ उंचावर ताशी साडेआठशे-नऊशेने धावतं. तेच ८४ किलोमीटर सहा मिनिटांत सरतात आणि पाच मिनिटांची चूक सत्तर किलोमीटरची होते. आकडेमोड तीच राहिली आणि चुकीची किंमत तिपटीने वाढली. रेडिओ बीकनची सुई विमानतळ कुठल्या दिशेला आहे एवढं सांगते, तो किती दूर आहे हे सांगत नाही. वर विजा कडाडत असतील तर ती विजांकडेही वळते. अंतर कळायचं तर वाटेतल्या ज्ञात ठिकाणावरून गेल्याची वेळ टिपायची, वाऱ्याचा अंदाज घ्यायचा, दोन वेगळ्या केंद्रांच्या दिशा ताडून पाहायच्या. हे सगळं करता येत होतं. करावं लागत होतं.

मुंबईच्या पूर्वेचे डोंगर याआधीही असे आडवे आले होते. १२ जुलै १९४९ रोजी डच केएलएम कंपनीचं ‘फ्रानेकर’ नावाचं कॉन्स्टेलेशन विमान सांताक्रूझला उतरण्याच्या प्रयत्नात घाटकोपरच्या डोंगरावर आदळलं. ४५ जण गेले. त्यात अमेरिकेतले तेरा नामवंत पत्रकार होते. डच सरकारच्या निमंत्रणावरून इंडोनेशिया पाहून ते परत निघाले होते. पुलित्झर मिळवलेला एच. आर. निकरबॉकर, ज्याने हिटलरच्या उदयावर लिहून नाव कमावलं होतं, तो जुलैच्या पावसात घाटकोपरला संपला. ती टेकडी सातशे फुटांच्याही आतली. आज तिच्या अंगाखांद्यावर वस्ती चढली आहे.

जुन्नरनंतर वर्षभराने, २८ जुलै १९६३ला, युनायटेड अरब एअरलाइन्सचं कॉमेट विमान मुसळधार पावसात मढ बेटाजवळ समुद्रात कोसळलं. ६३ जण दगावले. त्यांत ग्रीसमधल्या जागतिक मेळाव्याला निघालेली फिलिपिन्सची बालवीर मुलं होती. तिथे डोंगर नव्हता, पण मोसम तोच.

या मालिकेतलं मला सर्वांत अस्वस्थ करणारं प्रकरण मात्र भारतात घडलेलंच नाही. २४ जानेवारी १९६६. एअर इंडियाचं ‘कांचनगंगा’ नावाचं बोइंग ७०७ मुंबईहून दिल्ली आणि बैरूतमार्गे जिनिव्हाला निघालं होतं. आत ११७ जण; त्यांपैकी एक अणुशास्त्रज्ञ होमी भाभा. बैरूत सोडताना विमानाच्या दिशादर्शक रेडिओंपैकी एक बंद पडलेला होता. जिनिव्हाकडे उतरताना मुख्य वैमानिकाला वाटलं की आपण माँ ब्लांचा माथा ओलांडला आहे. जिनिव्हाच्या नियंत्रकाने रडारवर पाहून सांगितलं की माँ ब्लांला अजून पाच मैल आहेत. बोलण्याचा अर्थ एका बाजूने एक घेतला गेला, दुसऱ्या बाजूने दुसरा. विमान उतरत राहिलं आणि शिखराजवळ, समुद्रसपाटीपासून पावणेपाच हजार मीटरच्या आसपास, बर्फात घुसलं.

म्हणजे साडेतीन वर्षांपूर्वी इटलीचं विमान सह्याद्रीत ज्या समजुतीने आदळलं, त्याच समजुतीने भारताचं विमान इटली-फ्रान्सच्या सीमेवरच्या पर्वतात आदळलं. डोंगर मागे पडला असं दोन्ही वेळा वाटलं, आणि दोन्ही वेळा तो पुढे होता. आल्प्समध्ये वाढलेल्यांनी माँ ब्लांबद्दल अशी चूक केली नसती असं म्हणण्याचा मोह होतो, पण त्याला पुरावा नाही. शिवाय माँ ब्लांवर एअर इंडियाचं हे पहिलं विमान नव्हतं. ३ नोव्हेंबर १९५०ला ‘मलबार प्रिन्सेस’ त्याच पर्वतावर ४८ जणांसह नष्ट झालं होतं. तिथली हिमनदी अजून वस्तू परत करते आहे. २०१२ साली भारतीय टपालाची राजनैतिक थैली सापडली. २०२० साली इंदिरा गांधी पंतप्रधान होत असल्याच्या बातमीची वर्तमानपत्रं बर्फातून वर आली. सह्याद्रीत बर्फ नाही. एका पावसाळ्यात गवत कमरेएवढं वाढतं आणि लाल माती उतारावरून वाहून जाते. भाभांच्या मृत्यूवर आजही तर्ककुतर्क चालतात. जुन्नरच्या ९४ जणांवर कोणी तर्क करत बसलं नाही. १९६२च्याच ऑक्टोबरात चीनने सीमा ओलांडली, नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि महाराष्ट्राच्या त्या वर्षाच्या आठवणीत दुसऱ्या कशाला जागा राहिली नाही.

प्रदेशाच्या अनोळखीपणावर मी वर जेवढा भर दिला, त्याला पनवेलच्या अपघाताने बाध येतो हेही सांगायला हवं. ४ ऑगस्ट १९७९च्या रात्री इंडियन एअरलाइन्सचं ॲव्हरो विमान पुण्याहून मुंबईला येताना खराब हवेत पनवेलजवळच्या किरोळीच्या डोंगरात आदळलं आणि ४५ जण मृत्युमुखी पडले. घाटावरून कोकणात उतरणारा हा अगदी छोटा मार्ग, चालवणारी कंपनी देशातलीच. त्यांना हा डोंगर परका नव्हता. तरीही पावसाळी ढगात, रात्री, उंची वेळेआधी सोडली गेली की ओळखीचा डोंगरही तितकाच कठीण असतो.

यावर तोडगा निघाला तो अमेरिकेत, तसल्याच एका अपघातानंतर. १ डिसेंबर १९७४ रोजी टीडब्ल्यूए कंपनीचं ५१४ क्रमांकाचं विमान वॉशिंग्टनच्या डलस विमानतळाकडे ढगांतून उतरताना व्हर्जिनियातल्या एका डोंगरावर आदळलं, ९२ बळी. ‘उतरायला परवानगी आहे’ याचा अर्थ वैमानिकांनी खाली यायला हरकत नाही असा घेतला. वाटेतल्या डोंगराची काळजी कोणी घ्यायची, यावर दोन्ही बाजू गाफील राहिल्या. डॉन बेटमन या कॅनेडियन अभियंत्याने तोवर जमिनीच्या जवळिकीची सूचना देणारं यंत्र तयार केलं होतं. विमानाच्या पोटातून खाली रेडिओलहर सोडायची, परतीच्या वेळेवरून जमीन किती खाली आहे ते मोजायचं, आणि ती भलत्या वेगाने जवळ येत असेल तर वैमानिकाच्या कानाशी ओरडायचं. त्या अपघातानंतर अमेरिकेने मोठ्या विमानांना हे यंत्र सक्तीचं केलं. त्याची उणीव एकच, ते फक्त खाली पाहत असे. सरळ उभा कडा समोर आला तर सूचना मिळेपर्यंत उशीर होई. नव्वदच्या दशकात बेटमनच्या चमूने त्यात जगाच्या भूपृष्ठाचा नकाशाच भरला, आणि त्यासाठी सोव्हिएत संघ कोसळल्यावर बाजारात आलेले रशियन लष्करी नकाशे विकत घेतले. शीतयुद्धात रशियनांनी साऱ्या जगाच्या टेकड्या मोजून ठेवल्या होत्या, त्या अशा प्रवाशांच्या कामी आल्या.

१९६२च्या त्या विमानात यातलं काहीच नव्हतं. होतं ते उंचीमापक, घड्याळ, दिशादर्शक रेडिओ आणि किमान सुरक्षित उंची छापलेला नकाशा. आपण कुठे आहोत याची खात्री पटेपर्यंत त्या आकड्याच्या खाली जायचं नाही, हा नियम तेव्हाही होता. नियम आता बदललेला नाही, त्याची राखण करणारे वाढले आहेत. मुंबईला उतरणारी विमानं आज नाशिक-अकोले-जुन्नरच्या आकाशातून नियंत्रकाच्या रडारखाली पायरीपायरीने खाली येतात, आणि वैमानिकांच्या नकाशावर विमानतळाभोवतीच्या वर्तुळात समुद्राच्या बाजूचे उंचीचे आकडे लहान, घाटमाथ्याच्या बाजूचे मोठे छापलेले असतात.